जॉन डेन्व्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात बरीच वर्षं गिटार शिकवतोय. दरवर्षी नवी बॅच सुरू झाली की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुणीतरी म्हणतंच, "सर, कंट्री रोड्स कधी घ्यायचं?" गाणं हातात बसलं की मग गायकाबद्दल विचारणा सुरू होते. मुलांची, त्यांच्या आईबाबांची, आणि कॉलेजात असताना शेकोटीभोवती हेच गाणं म्हटलेल्या पन्नाशीतल्या मंडळींचीही. व्हॉट्सअ‍ॅपवर तीच ती उत्तरं टाइप करून कंटाळलो, म्हणून एकदाच इथे लिहून ठेवतो. प्रश्न आले तसेच ठेवलेत.

१. जॉन डेन्व्हर म्हणजे नक्की कोण? आम्हाला फक्त 'कंट्री रोड्स'वाला एवढंच माहीत आहे.

अमेरिकन गायक आणि गीतकार. जन्म ३१ डिसेंबर १९४३, मृत्यू १२ ऑक्टोबर १९९७. गोल चष्मा, कपाळावर आलेले सोनेरी केस आणि हातात बारा किंवा सहा तारांची अकूस्टिक गिटार, ही त्याची ओळख. सत्तरच्या दशकात त्याची चार गाणी बिलबोर्ड या अमेरिकन संगीत साप्ताहिकाच्या खपाच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेली: 'सनशाइन ऑन माय शोल्डर्स' आणि 'अ‍ॅनीज साँग' १९७४ मध्ये, 'थँक गॉड आयम अ कंट्री बॉय' आणि 'आयम सॉरी' १९७५ मध्ये. गंमत म्हणजे आपण ज्यावरून त्याला ओळखतो ते 'टेक मी होम, कंट्री रोड्स' या चारांत नाही. १९७१ मध्ये ते दुसऱ्या क्रमांकावर अडकलं.

२. डेन्व्हर हे त्याचं खरं आडनाव आहे का? की त्या शहराचा होता म्हणून?

दोन्ही नाही. खरं नाव हेन्री जॉन डॉइशेनडॉर्फ, ज्युनियर. १९६३ नंतर लॉस एंजेलिसला नशीब काढायला गेला तेव्हा रँडी स्पार्क्स नावाच्या लोकसंगीतवाल्याने सुचवलं की एवढं लांबलचक आडनाव काही चालायचं नाही. मग त्याने कोलोरॅडो राज्याच्या राजधानीचं नाव उचललं. तिथले डोंगर त्याला आवडत, एवढंच कारण. पुढे कोलोरॅडोत राहिला तोही डेन्व्हरमध्ये नाही, अ‍ॅस्पेनला.

३. मग त्याचं गाव कुठलं? कोलोरॅडो की वेस्ट व्हर्जिनिया?

आपल्याकडे पहिल्या भेटीत विचारतात ना, "मूळचे कुठले?", तर या प्रश्नाला त्याच्याकडे धड उत्तर नव्हतं. वडील अमेरिकन हवाई दलात वैमानिक. बी-५८ या बॉम्बफेकी विमानात १९६१ मध्ये वेगाचे विक्रम केलेला माणूस, आणि घरात फारसं न बोलणारा. बदलीची नोकरी. मुलगा जन्मला न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलला, वाढला टूसॉन, मॉन्टगोमेरी आणि फोर्ट वर्थ अशा फिरत्या मुक्कामांवर. कुठे रुळतोय तोवर सामान बांधायचं. ज्यांच्या घरात बदलीची नोकरी होती त्यांना हे वेगळं सांगायला नको.

माझं म्हणाल तर त्याच्या गाण्यांची किल्ली इथेच आहे. 'घरी ने', 'परत घरी', 'शेतकऱ्याचा पोर मी' असं गाणाऱ्या या माणसाला स्वतःचं असं गाव नव्हतं. गाव असणाऱ्याला ते इतकं आळवावं लागत नाही.

४. गिटार कुठे शिकला?

अकरा-बारा वर्षांचा असताना आजीने तिची १९१० सालची गिब्सन गिटार त्याला दिली. टूसॉनला असताना मुलांच्या समूहगान पथकातही होता. नव्या शाळेत ओळखी करून घ्यायला गिटार उपयोगी पडायची. शाळेत असतानाच एकदा वडिलांची गाडी घेऊन कॅलिफोर्नियाला पळाला, संगीतात काहीतरी करायचं म्हणून. वडील विमानाने मागोमाग गेले आणि त्याला घेऊन आले. शाळा पुरी केली, लबकच्या टेक्सास टेक विद्यापीठात आर्किटेक्चरला प्रवेश घेतला, आणि १९६३ मध्ये तेही सोडून पुन्हा लॉस एंजेलिस गाठलं. या वेळी कुणी आणायला गेलं नाही. १९६५ मध्ये चॅड मिचेल ट्रायो या तिघांच्या गटात खुद्द चॅड मिचेलच्या जागी त्याची निवड झाली आणि चार वर्षं तिथे त्याची घडण झाली.

५. 'लीव्हिंग ऑन अ जेट प्लेन' त्याचं की पीटर, पॉल अँड मेरीचं?

लिहिलं त्याने, गाजवलं पीटर, पॉल अँड मेरी या तिघांच्या लोकसंगीत गटाने. १९६६ मध्ये त्याने स्वखर्चाने एक तबकडी काढली होती, नातेवाइकांना आणि मित्रांना नाताळची भेट म्हणून. त्यात हे गाणं 'बेब, आय हेट टू गो' या नावाने होतं. निर्माता मिल्ट ओकनने नाव बदलायला लावलं. हाच ओकन पीटर, पॉल अँड मेरीचंही काम बघायचा, त्यामुळे गाणं त्यांच्याकडे पोचलं. त्यांनी ते १९६७ मध्ये ध्वनिमुद्रित केलं आणि डिसेंबर १९६९ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या तिघांचं पहिल्या क्रमांकावर गेलेलं हे एकमेव गाणं. त्याच वर्षी डेन्व्हरला आरसीए या रेकॉर्ड कंपनीचा करार मिळाला होता.

६. 'कंट्री रोड्स' त्याने वेस्ट व्हर्जिनियात राहून लिहिलं ना?

नाही. मूळ कल्पनाही त्याची नाही. बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट हे गाणारं जोडपं मेरीलँडमध्ये नातेवाइकांच्या स्नेहमेळाव्याला गाडीने निघालं होतं. रस्ता क्लॉपर रोड, तेव्हा दुतर्फा शेतं. वळणं घेता घेता डॅनॉफला धून सुचली. तो मॅसॅच्युसेट्सचा, आधी तेच नाव गाण्यात घालायचा विचार होता. पण लहानपणी रात्री त्याच्या रेडिओवर वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगचं केंद्र लागायचं, ते डोक्यात होतं. शिवाय शब्द मीटरमध्ये चपखल बसत होते. त्या राज्यात तो तोवर गेला नव्हता. गाणं कंट्री गायक जॉनी कॅशला विकायचं असा दोघांचा बेत होता.

डिसेंबर १९७० च्या शेवटच्या आठवड्यात वॉशिंग्टनच्या 'सेलर डोअर' या छोट्या क्लबात डेन्व्हरचे कार्यक्रम होते आणि हे दोघं त्याच्या आधी गायचे. २९ तारखेच्या रात्री कार्यक्रम संपवून तिघं डॅनॉफच्या घरी निघाले. वाटेत डेन्व्हरच्या गाडीला अपघात होऊन त्याचा अंगठा मोडला. इस्पितळातून पट्टी बांधून तो तसाच त्यांच्या घरी पोचला. तिथे त्यांनी अर्धवट गाणं ऐकवलं आणि पहाटेपर्यंत तिघांनी मिळून ते पुरं केलं. दुसऱ्या रात्री कागदात बघत बघत गायले. टाळ्या थांबेनात. जानेवारीत न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रण झालं, आणि श्रेय तिघांच्या नावावर आहे. 'जॉन डेन्व्हरचं गाणं' म्हणताना हे दोघं नेहमी गळतात, म्हणून एवढं सविस्तर.

७. पण ब्लू रिज डोंगर आणि शेनान्डोआ नदी तर शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात आहेत असं वाचलं. भूगोल चुकलाय का?

चुकला नाही, ओढूनताणून बरोबर आहे. दोन्ही मुख्यतः व्हर्जिनियाचेच, पण वेस्ट व्हर्जिनियाच्या अगदी पूर्वेकडच्या टोकाला, जेफरसन काउंटीत, डोंगराची कड आणि नदीचा शेवटचा तुकडा येतो. तिथल्या लोकांनी काही मनाला लावून घेतलेलं नाही. १९७२ पासून तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर हे गाणं वाजतं, आणि २०१४ मध्ये ते राज्याच्या अधिकृत गीतांपैकी एक झालं. ज्यांनी लिहिलं त्यांचं गाव नाही, ज्याने गायलं त्याचंही नाही (प्रश्न ३), आणि तरी ते त्या राज्याचं झालं.

८. 'अ‍ॅनीज साँग'मधली अ‍ॅनी कोण?

अ‍ॅनी मार्टेल, मिनेसोटाची. १९६७ मध्ये दोघांचं लग्न झालं. मधल्या काळात बरीच ताणाताणी होऊन पुन्हा गोडी झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. अ‍ॅस्पेनला बर्फाच्या उतारावरून स्कीइंग करत खाली आला, छातीचा भाता झालेला, आणि परत वर जायला पाळण्यात बसला. वर पोचेपर्यंत, म्हणजे दहाएक मिनिटांत, गाणं डोक्यात तयार. गाण्यात अ‍ॅनीचं नाव कुठेही नाही, नुसती रानं, डोंगर, पाऊस, वाळवंट, समुद्र.

मिल्ट ओकनला चाल ऐकताच चायकॉव्हस्कीच्या पाचव्या सिंफनीच्या दुसऱ्या भागाची आठवण झाली. डेन्व्हर पियानोपाशी बसला आणि सुरुवातीचे काही सूर सोडले तर बाकी चाल बदलून आला. ऐकताना डोळे मिटून मात्रा मोजा. तीन-तीनची आहे, दादऱ्यात टाळी द्यायची सवय असेल तर सहज बसते. इंग्लंडमध्ये त्याचं एकट्याचं गाजलेलं हे एकच गाणं, तेही थेट पहिल्या क्रमांकावर. पुढे १९७८ मध्ये जेम्स गॉलवेने तेच बासरीवर वाजवून पुन्हा गाजवलं.

९. एवढं गाणं लिहूनही घटस्फोट झाला?

झाला, १९८२ मध्ये. त्यांनी दोन मुलं दत्तक घेतली होती, झॅकरी आणि अ‍ॅना केट. वर्षातले कितीतरी दिवस दौऱ्यांवर, आणि वागणं काही गाण्यासारखं मऊ नव्हतं. १९९४ च्या आत्मचरित्रात त्याने स्वतःच कबूल केलंय की वाटणीच्या भांडणात त्याने अ‍ॅनीचा गळा धरला आणि करवत यंत्राने पलंग कापला. क्लासमधल्या एका मुलीने हे वाचून विचारलं, "सर, आता हे गाणं वाजवायचं का?" मी म्हटलं, वाजव, पण झालं ते झाकूनही ठेवू नको. १९८८ मध्ये कॅसांड्रा डिलेनी या ऑस्ट्रेलियन अभिनेत्रीशी दुसरं लग्न, मुलगी जेसी बेल. तेही १९९३ मध्ये मोडलं.

१०. 'रॉकी माउंटन हाय' हे नशेचं गाणं आहे का? मुलाला शिकवू का?

बिनधास्त शिकवा. विल्यम्स लेक नावाच्या तळ्याकाठी मित्रांसोबत मुक्कामाला असताना ऑगस्टमधला पर्सिड उल्कावर्षाव दिसला, त्यातून हे आलं. आकाशातून आगीचा पाऊस पडतो तो तोच. पण १९७२ च्या सुमारास नशेचा उल्लेख असलेल्या गाण्यांवर अमेरिकन रेडिओ केंद्रांची करडी नजर होती, आणि 'हाय' शब्द बघून काही केंद्रांनी हे लावायचं टाळलं. तेरा वर्षांनी त्याने त्याचं उट्टं काढलं. सप्टेंबर १९८५ मध्ये गाण्यांवर 'पालकांनो सावधान' छापाचे शिक्के असावेत का, यावर अमेरिकन सिनेटपुढे सुनावणी झाली. डेन्व्हर गुणी बाळ, तो शिक्क्यांच्या बाजूने बोलेल असा अंदाज होता. त्याने आपल्या गाण्याचा असा अर्थाचा अनर्थ झाला होता हे सांगून विरोध केला, आणि त्या दिवशी शिक्क्यांविरुद्ध बोलणाऱ्या रॉक संगीतकार फ्रँक झापाच्या बाजूचा ठरला. २००७ मध्ये कोलोरॅडोने हे दुसरं राज्यगीत म्हणून स्वीकारलं.

११. तो खरंच 'कंट्री' गायक होता का? काही जण म्हणतात नव्हता.

हा वाद त्याच्या हयातीतच पेटला. 'पेटला' हे इथे शब्दशः घ्या.

आधी थोडी पार्श्वभूमी. कंट्री हे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यापाड्यांतून आलेलं संगीत, आणि त्याची पेठ म्हणजे नॅशव्हिल. डेन्व्हर लोकसंगीताच्या कॉफी हाउसांतून आला, ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कला करायचा. 'कंट्री रोड्स' मुख्य यादीत दुसरं आलं तेव्हा कंट्रीच्या वेगळ्या यादीत जेमतेम पन्नासाव्या क्रमांकापर्यंत पोचलं होतं. १९७४ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने सर्वोत्कृष्ट गायिकेचा पुरस्कार ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला दिला, तेव्हा जुन्या कलाकारांनी जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट यांच्या घरी जमून आपली वेगळी संघटनाच काढली. घराण्याबाहेरचा कुणी येऊन मैफल मारून गेला की घराण्यातले अस्वस्थ होतात, तसंच.

ऑक्टोबर १९७५. त्याच असोसिएशनचा सर्वात मोठा पुरस्कार, 'एंटरटेनर ऑफ द इयर'. जाहीर करायला आदल्या वर्षीचा विजेता चार्ली रिच. त्याने पाकीट उघडलं, आतला कागद बघितला, खिशातून लायटर काढला आणि कागदाला लावला. कागद जळत असताना नाव घेतलं: जॉन डेन्व्हर. डेन्व्हर तेव्हा ऑस्ट्रेलियात, उपग्रहावरून पडद्यावर. त्याला इकडे काय घडलं याचा पत्ताच नाही, तो हसून आभार मानतोय. रिचच्या पोटात औषधं आणि दारू दोन्ही होती, तो केवळ थट्टा करत होता असं त्याच्या घरचे म्हणतात. नॅशव्हिलने मात्र त्याचा अर्थ लावायचा तो लावला, आणि भोगलं शेवटी रिचनेच.

माझं मत विचाराल तर 'बॅक होम अगेन' ऐका. कंट्री यादीत पहिलं आलेलं, त्याच समारंभात वर्षातल्या सर्वोत्कृष्ट गाण्याचा मान मिळालेलं. चुलीची ऊब, लांब हमरस्त्यावरचा ट्रक, शेजारणीच्या गप्पा. हे कंट्री नसेल तर कंट्री कशाला म्हणायचं?

१२. 'थँक गॉड आयम अ कंट्री बॉय' म्हणतो, म्हणजे शेतकऱ्याचा मुलगा तरी होता ना?

नाही (प्रश्न ३). गाणंही त्याचं नाही. त्याच्या साथीला बँजो-फिडल वाजवणाऱ्या जॉन मार्टिन सॉमर्सने लिहिलंय.

१३. ऐंशीनंतर तो एकदम गायब का झाला?

गायब नाही, रेडिओवरून उतरला. १९८१ मध्ये ऑपेरागायक प्लासिदो डोमिंगोबरोबर 'परहॅप्स लव्ह' गायला, ते चाललं. मग जमाना बदलला, आणि १९८६ मध्ये आरसीएची साथ सुटली. १९८५ मध्ये इथिओपियाच्या दुष्काळासाठी सगळ्या अमेरिकन ताऱ्यांनी मिळून गायलेल्या गाण्यात त्याला घेतलं नाही, ते त्याला फार लागलं. लागणारच, कारण जगातल्या भुकेवर तो १९७७ पासून काम करत होता आणि अध्यक्ष कार्टर यांच्या भूकविषयक आयोगावरही होता. सोव्हिएत रशियात जाऊन गायला, १९८७ मध्ये चेर्नोबिलच्या पीडितांसाठी कीवमध्ये कार्यक्रम केला. त्याला अवकाशातही जायचं होतं, नासाच्या चाचण्या देऊन बसला होता. १९८६ मध्ये चॅलेंजर यान कोसळलं आणि ते राहिलं ते राहिलंच. त्या सात जणांवर त्याने गाणं केलं.

१४. विमान अपघातात गेला तेव्हा दारू प्यायला होता का?

नाही. तपासणीत दारू किंवा अमली पदार्थ आढळले नाहीत. हा गैरसमज होण्याचं कारण आहे: १९९३ आणि १९९४ मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल त्याच्यावर खटले झाले, आणि त्यामुळे वैमानिकाचं वैद्यकीय प्रमाणपत्रही हातचं गेलं होतं. म्हणजे त्या दिवशी त्याने उडायलाच नको होतं, हे खरं. पण अपघाताचं कारण वेगळं.

लाँग-ईझेड हे घरी बांधायचं छोटं विमान. डेन्व्हरचं विमान दुसऱ्याच कुणीतरी बांधलेलं, त्याने नुकतंच विकत घेतलेलं. डाव्या-उजव्या टाकीतून इंधन बदलायचा खटका मूळ आराखड्यात वैमानिकाच्या पुढ्यात असतो. बांधणाऱ्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. इंधनाचे काचमापकही मागेच. उड्डाणाआधी तंत्रज्ञाने खटक्याला पकड लावून हात पोचतो का बघितलं, जमलं नाही. मागचं माप दिसावं म्हणून एक आरसा दिला. इंधन भरू का विचारलं तर डेन्व्हर म्हणाला, तासभरच उडणार आहे, नको.

१२ ऑक्टोबर १९९७, रविवार संध्याकाळ, कॅलिफोर्नियातला माँटरे विमानतळ. उड्डाणानंतर काही मिनिटांतच पॅसिफिक ग्रोव्हजवळ विमान समुद्रात कोसळलं. तपासाचा निष्कर्ष असा की एका टाकीतलं इंधन संपत आलं, खटका फिरवायला तो मागे वळला, आणि वळताना उजवा पाय विमान वळवायच्या पेडलवर दाबला गेला. उंची फार नव्हती, सावरायला जागाच मिळाली नाही. हजारो तास उडालेला माणूस, वैमानिकाचा मुलगा. वय ५३.

१५. ग्रॅमी किती मिळाली?

स्पर्धेतली एकच, तीही मृत्यूनंतर. १९९८ मध्ये 'ऑल अबोर्ड!' या रेल्वेगाण्यांच्या अल्बमला, मुलांच्या विभागात. ज्या सोहळ्याचं सूत्रसंचालन त्याने कितीदा तरी केलं होतं तिथे जिवंतपणी हात रिकामेच राहिले.

१६. 'जब कोई बात बिगड जाए' त्याच्या गाण्यावरून घेतलंय ना?

नाही हो. हे दर महिन्याला येतं. १९९० च्या 'जुर्म'मधल्या त्या गाण्याची धून 'फाइव्ह हंड्रेड माइल्स'शी जुळते, आणि ते हेडी वेस्टच्या नावावर आहे. ते गाजवलं पीटर, पॉल अँड मेरीने, म्हणजे प्रश्न ५ मधल्याच मंडळींनी. गल्लत बहुधा तिथूनच होते. आपल्या दाभोळच्या साधना सरगम यांचा आवाज त्या हिंदी गाण्यात आहे, तो मात्र जरूर ऐका.

१७. सर, घरी रेकॉर्डबरोबर वाजवलं की जुळतच नाही. गिटार बरोबर लावलीय.

दोन गोष्टी बघा. एक, कुठली रेकॉर्ड लावलीय? १९७३ च्या 'ग्रेटेस्ट हिट्स'साठी त्याने सुरुवातीची काही गाणी नव्याने गायली आहेत, 'लीव्हिंग ऑन अ जेट प्लेन' त्यातलंच. त्यामुळे लय आणि वाद्यमेळ वेगळा लागतो. दोन, 'कंट्री रोड्स' मूळ 'ए'मध्ये आहे आणि मी 'जी'मधल्या कॉर्डचे आकार शिकवतो. गिटारच्या दुसऱ्या पट्टीवर (फ्रेटवर) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावा, जुळेल.

आणि मधल्या कडव्यात, जिथे रेडिओ ऐकून त्याला घर आठवतं त्याच्या पुढच्याच ओळीत, 'एफ' कॉर्ड येतो. नव्या बॅचमधली निम्मी मुलं बोट दुखतं म्हणून तिथे 'सी' दामटतात. करू नका. 'जी' हा षड्ज धरला तर 'एफ' म्हणजे कोमल निषाद, साऱ्या गाण्यात तो एवढ्या एकाच जागी लागतो. कालच घरी पोचायला हवं होतं असं तो म्हणतो, ती हीच ओळ. आठवडाभर फक्त 'एम मायनर' ते 'एफ' एवढंच घासा, मग या.